अकरा टक्क्यांवर थांबलेलं पुस्तक

माझे मिस्टर फवारणीचे पंप दुरुस्त करतात. घाटंजीला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. आधी तिथे सायकली आणि स्टोव्ह दुरुस्त व्हायचे. कापसावरच्या फवारण्या वाढत गेल्या तसे पंप येऊ लागले, आणि हळूहळू बाकी सगळं जाऊन नुसते पंपच उरले. मी त्याच गावातल्या सार्वजनिक वाचनालयात काम करते. पुस्तकं देणं, परत घेणं, नवी आली की दाखल नोंदवहीत चढवणं, उसवलेली शिवणं.

लग्नाआधीपासून मी त्यांना ओळखत होते, पण नावानं नव्हे, पुस्तकांनी. ग्रीसचे हात असायचे म्हणून ते घरून वर्तमानपत्राचा कागद आणत आणि पुस्तक त्यात गुंडाळून नेत. परत आणत तेव्हा एका पानावरही डाग नसे. स्थळ आलं तेव्हा आमच्या अम्मीनं विचारलं, मुलगा कसा आहे काही ठाऊक आहे का. मी नाही म्हटलं. खरं तर दोन वर्षांत त्यांनी काय काय वाचलं होतं ते सगळं मला पाठ होतं.

घरी आम्ही हिंदी बोलतो, गिऱ्हाइकांशी आणि शेजारी वऱ्हाडी. पण दोघंही जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकलो, आणि पुस्तकांचा विषय निघाला की जीभ आपोआप मराठीवर येते. संध्याकाळी जेवताना ते वाचलेलं सांगत. आम्हाला मूलबाळ नाही. जेवणाचा तो पाऊण तास आमचा असायचा.

ज्या वर्षी हे झालं त्या वर्षी कापूस माणसाच्या डोक्यावर गेला होता. बोंडअळी काही केल्या मरेना. लोक दोन-दोन, तीन-तीन औषधं एकत्र करून मारू लागले. इकडे विषाला औषधच म्हणतात. झाड उंच, म्हणून पंपाची गन वर धरून फवारावं लागे, आणि निम्मं औषध फवारणाऱ्याच्याच तोंडावर परत येई. पोळ्यानंतर सरकारी दवाखान्यात रोज कोणीतरी फवारणीवाला आणला जात होता. कोणी शुद्धीत नसे, कोणाला नुसतंच दिसत नसे. दुकानात पंपांची रांग लागलेली. पंप बिघडला की शेतकरी धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, तसाच उचलून आणत, टाकीत औषध तसंच.

त्या दिवशी एका पंपाची गन तुंबली होती. मिस्टरांनी ती उघडली, आत दाब राहिला होता, आणि चिळकांडी सरळ डोळ्यांत गेली. त्यांनी माठातलं पाणी मारलं, रुमालानं पुसलं, आणि पुढचा पंप घेतला. मला संध्याकाळी कळलं, तेव्हा दोन्ही डोळे लाल गोळे झाले होते. दुसऱ्या दिवशी दवाखान्यात गेलो तर तिथे खाटेवर पडलेल्यांकडेच बघायला डॉक्टरांना सवड नव्हती. चालत आलेल्या माणसाला त्यांनी थेंब लिहून दिले आणि यवतमाळला दाखवा म्हटलं. यवतमाळला आम्ही चार दिवसांनी गेलो. पंपांचा सीझन होता, ते निघायला तयार नव्हते, आणि मीही फार जोर केला नाही.

दिवाळीपर्यंत डाव्या डोळ्याच्या बुबुळावर पांढरा डाग पक्का झाला. त्या डोळ्यानं फक्त उजेड-अंधार कळे. उजव्यानं माणसं ओळखू येत, पंप दिसे, रस्ता दिसे. पण पुस्तकातलं अक्षर दिसेना. ते पान नाकाशी नेत, मग हात लांब करून बघत, मग मिटून ठेवत. आमच्या वाचनालयातली पुस्तकं तशीही जुनी, कागद पिवळा, ठसा बारीक. एक दिवस त्यांनी नेलेलं पुस्तक दुसऱ्याच दिवशी परत आणलं आणि टेबलावर ठेवून गेले. मी कार्डावर शिक्का मारला. पंधरा वर्षांत त्यांनी एका दिवसात पुस्तक परत केलं नव्हतं.

मग मी ई-पुस्तकांच्या मागे लागले.

वाचनालयात एक निवृत्त हेडमास्तर येत. त्यांच्या मुलानं त्यांना पुण्याहून एक रीडर पाठवला होता, पाटीएवढा, कागदासारखा दिसणारा. त्यावर अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं, हे त्यांनी मला दाखवलं तेव्हा एका पानावर पाच ओळी उरल्या होत्या, आणि प्रत्येक अक्षर शाळेतल्या फळ्यावरच्या एवढं. मला वाटलं, झालं, मार्ग सापडला.

पण असा एकच मार्ग नव्हता. ई-पुस्तकं विकणारी दुकानं बरीच होती आणि प्रत्येकाचं म्हणणं वेगळं. मी देवघेवीच्या एका जुन्या रजिस्टरच्या कोऱ्या पानांवर रकाने आखले. मराठी पुस्तकं कितपत, अक्षर किती मोठं होतं, जोडाक्षर फुटतं का, नेट नसताना उघडतं का, घेतलेलं आवडलं नाही तर परत करता येतं का. वाचनालयात फक्त खिडकीजवळच्या कपाटापाशी रेंज असे. तिथे उभी राहून मी एकेका दुकानाचं अॅप उतरवायची, फुकट मिळणारी दहा-वीस पानं उघडायची आणि रकाने भरायची.

सगळ्यात मोठं दुकान परदेशी. रीडर त्यांचाच. अक्षर सुंदर, डोळ्यांवर उजेड येत नाही, एकदा पुस्तक उतरवलं की नेट लागत नाही. पण मराठी पुस्तकं शोधणं म्हणजे भुशातून दाणे वेचणं. मराठीत नाव टाकलं तर एक निघे, तेच इंग्रजी अक्षरांत टाकलं तर दुसरंच. कादंबरी मागितली तर लोणच्यांच्या कृती पुढे येत. आणि रीडरवरच्या सगळ्या सूचना इंग्रजीत.

दुसरं दुकान फक्त मराठी पुस्तकांचं. ते उघडलं तेव्हा मला आमच्या वाचनालयाची निम्मी कपाटं तिथे सापडली. मिस्टरांनी तरुणपणी वाचलेली, आमच्याकडची कसर लागून गेलेली, सगळी होती. पण ते चाले फोनवर किंवा टॅबवर. त्याचा उजेड त्यांच्या डोळ्याला खुपे. शिवाय त्यातली बरीच पुस्तकं म्हणजे पानांचे फोटो. बोटांनी मोठं केलं की ओळीचं शेपूट पडद्याबाहेर जाई, ते पाहायला सरकवलं की सुरुवात नाहीशी होई. मी त्या दुकानाला फोन लावला. पलीकडे एक बाई होत्या, अगदी मृदू बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या की नव्या पुस्तकांत अक्षर मोठं होतं, जुन्यांचं काम चालू आहे. पुढे त्या बाईंशी माझं बरेचदा बोलणं झालं. त्यांना घाटंजी कुठे ते माहीत नव्हतं, पण माझा आवाज त्या ओळखायच्या.

तिसऱ्या ठिकाणी महिन्याची वर्गणी भरायची आणि हवं तेवढं वाचायचं, नाहीतर ऐकायचं. वर्गणी थांबली की सगळं बंद. आम्हा वाचनालयवाल्यांना वर्गणी नवी नाही, मला ते पटलं होतं. तिथे पुस्तकं चांगल्या आवाजात वाचून दाखवत. मी मिस्टरांना एक ऐकवलं. त्यांनी थोडा वेळ ऐकलं आणि फोन माझ्याकडे दिला.

"ऐकाले रेडिओ आहे न," ते म्हणाले. "वाचणं माह्या चालीनं होते. हा त्याच्या चालीनं चालून राह्यला."

मी ते दुकान खोडलं.

या सगळ्यात महिना गेला. आता वाटतं, तो महिना मी मजेत घालवला. कोणत्या दुकानात र्‍ह नीट दिसतो आणि कोणत्यात त्याचे तुकडे होतात हे मला तोंडपाठ झालं होतं. यवतमाळच्या डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा या म्हणून चिठ्ठीवर लिहिलं होतं. ती चिठ्ठी त्याच रजिस्टरात खूण म्हणून ठेवलेली होती, रोज हाताला लागे, आणि मी ती बाजूला सारून पुढचा रकाना भरायची.

शेवटी मोठ्या दुकानाचा रीडर घेतला, आणि जुन्या पुस्तकांसाठी मराठी दुकानाचं अॅप फोनवर ठेवलं. घाटंजीपर्यंत कुरिअर येईना, म्हणून संक्रांतीच्या आधी यवतमाळला जाऊन पार्सल आणलं. मिस्टरांनी त्याला सायकलच्या ट्यूबचं जाड कव्हर शिवलं, पडलं तरी फुटू नये म्हणून. पहिलं पुस्तक गोष्टींचं होतं. ते त्यांनी आठ दिवसांत वाचलं. जेवताना एकेक गोष्ट सांगितली. मी ताटात हात ठेवून बघत राहिले. कितीतरी महिन्यांनी त्यांचा तो जुना आवाज ऐकला. दुसरं पुस्तक प्रवासाचं होतं, तेही झालं.

तिसरी कादंबरी होती, समुद्रावरची. एका तांडेलाची, म्हणजे होडीवरच्या मुख्य खलाशाची. आम्ही दोघांनीही समुद्र पाहिलेला नाही. ती निवडताना मी फुकट मिळणारी पानंही वाचलेली नव्हती, नुसतं वर्णन वाचून घेतली. त्यांना ती फार आवडली. रोज संध्याकाळी तांडेल कुठवर आला ते ते सांगायचे. एकदा होडीचं इंजिन भर समुद्रात बंद पडलं. पिस्टनला गंज चढलेला, सुटा भाग मिळायची सोय नाही, तर तांडेलानं चपलेचं रबर कापून त्याचा वॉशर केला. मी म्हटलं, हे लिहिणाऱ्याला इतकं कसं माहीत. ते म्हणाले, असंल एखादा मेकॅनिक. तांडेलाची एक आंधळी होत चाललेली बहीण होती, किनाऱ्यावर राहायची, होडीच्या आवाजावरून भाऊ आला हे ओळखायची. ते सांगताना त्यांचं जेवण थांबलं होतं. मला त्या कादंबरीचा अभिमान वाटू लागला, जणू मीच लिहिली.

उन्हाळ्यात आमच्या वाचनालयाचा वर्धापनदिन असतो. त्या वर्षी अध्यक्षांनी मला ई-पुस्तकांवर बोलायला सांगितलं, कारण गावात त्यातलं माझ्याइतकं कोणालाच ठाऊक नव्हतं. मी रजिस्टर घेऊन उभी राहिले. कोणतं दुकान कशाला चांगलं, कोणाची अक्षरं फुटतात, सगळं सांगितलं. आणि मग मिस्टरांची हकिकत सांगितली. औषधानं डोळे गेलेला माणूस आज पुन्हा वाचतो आहे, असं म्हटलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. अध्यक्ष म्हणाले, जरा वाचून दाखवा. मिस्टर पहिल्या रांगेत होते. ते उठले, रीडर डोळ्यांसमोर धरला आणि वाचू लागले. समुद्राची गाज, वाळूत ओढून ठेवलेली होडी, पहाटे किनाऱ्यावर उभा असलेला तांडेल. एकदाही अडखळले नाहीत. मला रडू आलं. हेडमास्तरांनी माझ्या हातात रुमाल दिला.

पेरण्या आटोपल्यावरची गोष्ट. वाचनालयात कोणी नव्हतं. मला वाटलं, इतकं ऐकलं आहे तर आपणही ती कादंबरी वाचावी. रीडर आणि माझा फोन एकाच खात्यावर होते, त्यामुळे त्यांनी घेतलेलं पुस्तक माझ्या फोनवरही उघडे. उघडल्याबरोबर मधोमध एक चौकट आली. दुसऱ्या यंत्रावर तुम्ही अकरा टक्क्यांपर्यंत वाचलं आहे, तिथे जायचं का, असं इंग्रजीत विचारत होती.

मला वाटलं, घरी नेट नाही म्हणून रीडरची जुनीच खबर इथवर आली असेल. शुक्रवारी ते नमाजला गेले तेव्हा मी माझ्या फोनचं नेट रीडरला जोडून दिलं आणि वाट पाहिली. पुन्हा फोनवर पाहिलं. अकरा टक्के. शेवटचं पान उलटल्याची तारीखही दिसत होती. होळीच्या आसपासची.

पुढचे दोन दिवस मी वाचनालयात बसून ती कादंबरी वाचून काढली. होडीला इंजिन नव्हतं. शिडाची होडी होती. तांडेलाला बहीण नव्हती. आणि पुस्तकाचा तिसरा हिस्साही होत नाही तोच तांडेल वादळात जातो. पुढची सगळी गोष्ट त्याच्या मुलांच्या भांडणाची आहे. मी शेवटच्या पानावर आले तेव्हा एक कॉलेजची मुलगी समोर पुस्तक घेऊन उभी होती. किती वेळ उभी होती कोण जाणे.

वर्धापनदिनाचं तेव्हा मला आठवलं. त्यांनी वाचलं ते पहिलं पान होतं. रीडरवर तेव्हा अकरा टक्क्यांचं पान उघडं असणार. दिसत होतं तोवर त्यांनी ते पहिलं पान इतक्यांदा वाचलं असेल की पाठ झालं, किंवा मुद्दाम पाठ करून ठेवलं. हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

घरी गेले आणि काही बोलले नाही. त्या संध्याकाळी ते म्हणाले की तांडेल आता बंदरावर परत आला आहे आणि बहिणीच्या डोळ्यांसाठी शहरात डॉक्टर शोधतो आहे. मी विचारलं, मग? ते म्हणाले, उद्या वाचतो. असे चार दिवस गेले. मी विचारत होते, ते सांगत होते. खरं सांगायचं तर छापलेल्या कादंबरीपेक्षा मला हीच जास्त धरून ठेवत होती. पण समोर बसलेल्या माणसाला माझं ताट दिसतं की नाही, हेही मला ठाऊक नव्हतं. मी मुद्दाम एकदा पाण्याचा पेला नेहमीच्या जागेवरून वीतभर डावीकडे ठेवला. त्यांचा हात रिकाम्या जागी गेला, थांबला, आणि मग जमिनीवरून सरकत पेल्यापर्यंत आला. त्या चाचणीची मला आजही लाज वाटते.

पाचव्या दिवशी दुपारी ते स्वतःच रीडर घेऊन वाचनालयात आले. दुकानात दुपारी गिऱ्हाईक कमी असे तेव्हा ते तो हातात धरून बसत, हे सगळ्या गल्लीला माहीत होतं.

"हे बिघडलं काय, पाह्य जरा," ते म्हणाले. "मधात काही चौकोन येऊन राह्यला. जातच नाही."

मी पाहिलं. शुक्रवारी मी जोडलेलं नेट रीडरनं लक्षात ठेवलं होतं, आणि रोज संध्याकाळी माझा फोन घरी आला की तो आपोआप जोडला जात होता. त्यांना मधोमध काळसर चौकोन कळत होता, आतली अक्षरं नाही.

"काही बिघडलं नाही," मी म्हटलं. "तो विचारतो आहे, दुसऱ्या यंत्रावर हे पुस्तक शेवटपर्यंत वाचून झालंय, तर शेवटच्या पानावर जायचं का?"

"कोणं वाचलं?"

"मी."

ते उभेच राहिले. मी खुर्ची पुढे केली, ती त्यांनी घेतली नाही. म्हणाले, "कधी?"

"गेल्या आठवड्यात. तुम्ही अकरा टक्क्यांवर आहात हे त्यात दिसलं मला."

"मी कुठवर वाचलं हे त्या दुकानाले काहून माहीत पाहिजे?"

इतके रकाने आखले, हा एक आखायचा राहिला होता. वाचनालयात कोणी किती पानं वाचली हे आम्ही कधी विचारत नाही. पुस्तक गेलं आणि आलं एवढीच नोंद असते. मी हळूच विचारलं की मला सांगितलं का नाही.

"आधी अक्षर दिसत होते," ते म्हणाले. "मग अक्षराच्या जागी रेघा दिसाले लागल्या. मी म्हटलं, आज डोळा थकला असंल, उद्या पाहू. अन् मग तू त्या लोकाइच्या समोर भाषण केलं. त्याच्यानंतर कसं सांगू मी तुले?"

एवढं बोलून ते गेले. रीडर टेबलावरच राहिला. मी खिडकीतून पाहत होते. रस्ता ओलांडताना ते हातगाडीवाल्याच्या आवाजासाठी थांबले आणि मगच पुढे गेले.

आठ दिवस ते माझ्याशी कामापुरतं बोलत होते, तेही हिंदीत. मी पाळत ठेवली असं त्यांना वाटत होतं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. शेवटी त्यांच्या धाकट्या भावाला मध्ये घालून मी त्यांना नागपूरला नेलं. तिथल्या डॉक्टरांनी डाव्या डोळ्याकडे थोडं आणि उजव्याकडे खूप वेळ पाहिलं. मग सांगितलं की त्या औषधाच्या जखमेमुळे उजव्या डोळ्याच्या आतला दाब वाढत गेला आहे, आणि दाबानं नस सुकते आहे. चांगला म्हणून आम्ही ज्याच्यावर भिस्त ठेवली तोच डोळा आतून जात होता. केव्हापासून कमी दिसतं, असं त्यांनी विचारलं. मिस्टर म्हणाले, होळीपासून. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणाले की दर तीन महिन्यांनी दाखवलं असतं तर हे वेळेवर धरता आलं असतं. गेलेली नजर येत नाही, राहिली आहे ती टिकवू.

ऑपरेशन झालं. आता त्यांना समोरचं थोडं दिसतं, दाराच्या फटीतून पाहावं तेवढं. त्या फटीत मोठं अक्षर एखादं मावतं, शब्द मावत नाही.

त्याच वर्षी दिवाळीनंतर मराठी पुस्तकांच्या दुकानाचा निरोप आला, की सेवा बंद होत आहे, अमुक तारखेनंतर अॅप चालणार नाही. मी तिथून चौदा पुस्तकं घेतली होती, त्यांना बरं वाटेल तेव्हासाठी राखून ठेवलेली. फोन लावला तर त्याच मृदू बोलणाऱ्या बाई होत्या. मी विचारलं की माझी पुस्तकं दुसऱ्या कोणत्या अॅपमध्ये उघडतील का. त्या म्हणाल्या, नाही ताई, ती आमच्याच अॅपमध्ये उघडतात. मी म्हटलं, मग ती माझी नव्हतीच का. त्या म्हणाल्या, "ताई, माझाही या महिन्यात शेवटचा दिवस आहे." मग मीच त्यांना काळजी घ्या म्हटलं. आमच्याकडे एक पुस्तक बाद करायचं तर कार्यकारिणीचा ठराव लागतो, अध्यक्षांची सही लागते. ती चौदा पुस्तकं एका सकाळी नव्हती. मी हे मिस्टरांना सांगितलं नाही. सांगायला त्यांनी ती कधी मागितलीच नव्हती.

मिस्टरांचं दुकान चालू आहे. पंप ते हातानं चाचपून दुरुस्त करतात, आणि लोक म्हणतात आधीपेक्षा चांगला करतात. नवीन एवढंच की टाकी रिकामी करून, बाहेरच्या नळावर तीनदा धुतल्याशिवाय ते पंपाला हात लावत नाहीत. कितीही घाईचा शेतकरी असो, परत पाठवतात. त्यावरून भांडणंही झाली. एकदा घाईत असलेल्या एकानं शिवी दिली तेव्हा त्यांनी ऑपरेशननंतरचा काळा चष्मा नुसता काढून त्याच्याकडे तोंड केलं. तो मुकाट्यानं नळाकडे गेला.

वाचण्याचं आमच्यात बरेच महिने निघालं नाही. जेवताना आम्ही भाजीवर बोलायचो, भावाच्या मुलांच्या शाळेवर बोलायचो. मी वाचून दाखवू का, असं एकदा विचारलं. ते नको म्हणाले, रागानं नाही, पण दुसऱ्यांदा विचारू नये असं. मग एका आठवडी बाजाराच्या दिवशी, मी पिशवीतून वांगी काढत असताना, ते ओट्याला टेकून म्हणाले, "त्या पुस्तकात तांडेलाचं काय होते?"

मी सांगितलं. शिडाची होडी, वादळ, मुलांची भांडणं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बहीण नाही त्याले?"

"नाही."

"अन् इंजिन?"

"तेही नाही."

त्यांच्या तोंडावर थोडं हसू आलं, पण ते टिकलं नाही. "मंग मले कमी दिसून राह्यलं हे तुले पयल्याच दिवशी समजलं असंल," ते म्हणाले.

मी म्हटलं, हो, पुस्तक वाचलं त्याच दिवशी. आणि चार दिवस बोलले नाही, कारण तुमच्या तांडेलाचं पुढे काय होतं ते मला ऐकायचं होतं. हे खरं होतं, पण सगळं खरं नव्हतं. त्यांनी पिशवीतून एक वांगं घेतलं, हातानं चाचपून त्याचं देठ मोडलं आणि पुढचं घेतलं. आम्ही सगळी वांगी निवडून झाली तरी तिथेच उभे होतो.

आता ते ऐकतात. जे दुकान मी खोडलं होतं त्याचीच वर्गणी त्यांनी भावाकडून भरून घेतली, मला न विचारता. दुपारी कानात इअरफोनचं एक बोंडूक घालून पंपाचे वॉशर बदलतात. काय ऐकतात ते सांगत नाहीत, मी विचारत नाही. रीडर कपाटात आहे. वेगवेगळ्या यंत्रांवरची पानं जुळवायची जी सोय असते, ती मी माझ्या फोनवरून बंद करून टाकली आहे, जरी आता तिथे जुळवण्यासारखं काही नाही.

नागपूरला दर तीन महिन्यांनी जातो. पहाटेची बस असते, ते खिडकीशी बसतात. मागच्या वेळी दाब पुन्हा थोडा वाढलेला निघाला. डॉक्टरांनी थेंब बदलून दिले आणि महिन्याभरात या म्हणाले. तो महिना परवा भरतो आहे. कापसावरची फवारणी परत सुरू झाली आहे, दुकानासमोर पंप येऊन पडले आहेत, आणि ते म्हणतात की चार दिवस थांबू. मी तिकिटं काढून ठेवली आहेत.